मांड्या दुखतात, पण रिपोर्टमध्ये ‘डी’ भरपूर: वजनासाठीच्या बायपासनंतरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मंगलताईंचं वय ४६ (नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या गावात त्यांची खानावळ आहे. पहाटे साडेचारला गॅस पेटतो, दुपारी दोनला जरा टेकायला मिळतं आणि चारपासून पुन्हा पोळ्या सुरू. उंची १५४ सेंटिमीटर, वजन १०८ किलो, म्हणजे बीएमआय साधारण ४५.५. नऊ वर्षांचा मधुमेह. तीन प्रकारच्या गोळ्या चालू असूनही एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ९.२ टक्के. रोज थायरॉइडची १०० मायक्रोग्रॅमची गोळी. झोपेत श्वास अडकायचा म्हणून रात्री मशीन लावून झोपायच्या. डाएट, चालणं, काढे सगळं करून झालं होतं. एकदा बारा किलो उतरले आणि वर्षभरात परत आले. वजनाच्या शस्त्रक्रियेचा विचार घेऊन त्या पुण्यात आमच्या टीमकडे आल्या तेव्हा मार्चचा मध्य होता.

त्यांची मुख्य तक्रार वजनाची नव्हतीच. ‘पाटावरून उठताच येत नाही हो डॉक्टर, दोन्ही हात जमिनीला टेकवून उठते.’ घरचे, शेजारचे आणि दोन डॉक्टरही म्हणाले होते की वजन उतरलं की गुडघे आपोआप सुटतील. नेमकं कुठे दुखतं ते बोटाने दाखवायला सांगितलं, तर त्यांचा हात गुडघ्यावर गेलाच नाही. मांड्या, कंबरेच्या बाजू आणि नडगी. नडगीचं हाड अंगठ्याने दाबलं तशा त्या कळवळल्या. जिना चढताना कठडा धरून स्वतःला वर ओढावं लागे. दोन वर्षांपूर्वी गावच्या डॉक्टरांनी ‘ताकदीचं’ म्हणून ६ लाख युनिटचं डी जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं होतं. त्याने काही महिने बरं वाटलं. त्यानंतर डी कुणी तपासलं नाही.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या ठरावीक तपासण्यांत डी आलं ७.८ नॅनोग्रॅम. २० च्या खाली म्हणजे कमतरता. वजनाच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांत आम्ही ३० च्या वर धरून चालतो. कॅल्शियम ८.७, म्हणजे लॅबच्या हिशेबाने ‘नॉर्मल’. अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांत उलथापालथ चालू असली की रक्तात वाढणारं एन्झाइम) मात्र १४८ होतं, जरा जास्त. तेवढ्यावरून पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन, मागवलं. ते १३८ निघालं. वरची मर्यादा साधारण ६५ असते. डी नसलं की आतड्यातून कॅल्शियम पुरेसं उचललं जात नाही. मग गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी पीटीएच वाढवून ते हाडांतून काढतात आणि रक्तातला आकडा टिकवून धरतात. म्हणून एकट्या कॅल्शियमचा रिपोर्ट पाहून हाडांविषयी काहीच कळत नाही.

कॅल्शियम वाढलेलं असतं, तर ग्रंथींचा स्वतःचाच आजार धरून पुढे तपास करावा लागला असता. इथे तसं नव्हतं. ओटीपोटाच्या एक्स-रेमध्ये हाडाला चीर दिसली नाही. मूत्रपिंडं ठीक होती.

‘आपल्याकडे एवढं ऊन, मग डी कमी कसं?’ हे त्यांच्या मुलाने विचारलं. कातडीत डी बनवणारे किरण साधारण अकरा ते तीन या वेळात पुरेसे मिळतात, आणि त्या वेळी त्याची आई स्वयंपाकघरात असते. खिडकीच्या काचेतून ते किरण आत येत नाहीत. सावळ्या कातडीला गोरीपेक्षा जास्त वेळ ऊन लागतं. मंगलताई माळकरी, त्यामुळे अंडं-मासे नाहीत. खानावळीतली अंडाकरीही दुसऱ्या बाई करतात. त्यात डी चरबीत विरघळणारं. मोठ्या शरीरात ते पसरून जातं आणि रक्तात थोडंच उरतं. म्हणून वजन जास्त असलेल्या माणसाला दुप्पट-तिप्पट डोस लागतो.

समस्या

एक अडचण समोर दिसत होती: हाडं आधीच मऊ पडू लागली होती. दुसरी आम्ही स्वतः निर्माण करणार होतो. कॅल्शियम मुख्यत्वे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि बायपासमध्ये (जठर लहान करून ते आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात ती शस्त्रक्रिया) नेमका तोच भाग अन्नाच्या वाटेतून बाजूला पडतो. डीला पचनासाठी स्निग्धांश आणि पित्त लागतं, आणि आता पित्त अन्नाला उशिरा भेटणार. जेवणही मूठभर होणार. शस्त्रक्रियेआधी ज्याचं डी कमी, त्याचं नंतर आणखी खाली जातं, हे या क्षेत्रात काम करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही शस्त्रक्रियेपूर्वीच्या धावपळीत साखर, हृदय आणि श्वासाकडे जेवढं लक्ष जातं, तेवढं याकडे जात नाही.

पहिला निर्णय: आधी भरायचं की आधी कापायचं?

तीन वाटा होत्या. पहिली नवऱ्याच्या पसंतीची: पुन्हा तेच ६ लाखांचं इंजेक्शन आणि पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया. इंजेक्शनने बायकोला बरं वाटलेलं त्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे त्यांचा विश्वास मला समजत होता. पण स्नायूतून डी हळूहळू आणि बेभरवशाने सुटतं, आणि एकदा आत गेलं की बाहेर काढता येत नाही. मोठमोठ्या डोसांचा माराच झाल्याने कॅल्शियम वाढून उलट्या, कोरड आणि मूत्रपिंडाला इजा झालेले रुग्ण आपल्याकडे दाखल होतात. एकदम मोठा डोस हाडांना मानवतोच असंही नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या वरच्या २,२५६ स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षातून एकदा ५ लाख युनिट घेणाऱ्यांमध्ये पडणं आणि हाड मोडणं उलट वाढलं होतं. त्या स्त्रिया मंगलताईंपेक्षा कितीतरी वयस्क होत्या, तरी घाईघाईने टोचायला हात आखडावा इतकं ते पुरेसं आहे.

दुसरी वाट अनेक ठिकाणी घेतली जाते: आत्ता शस्त्रक्रिया, डीचं नंतर बघू. ती मला पटत नाही. आतडं शाबूत असताना डी भरणं सोपं आणि स्वस्त असतं. ते काम आतडं वळवल्यानंतरसाठी ठेवण्यात काय शहाणपण?

तिसरी वाट आठ-नऊ आठवडे थांबण्याची. इथे खानावळीचं कॅलेंडर मदतीला आलं. मे महिन्यात कॉलेजला सुट्टी, मेस बंद. शस्त्रक्रिया आणि नंतरची विश्रांती त्याच महिन्यात बसत होती. ती वेळ चुकली असती तर थेट दिवाळी, आणि साखर ९.२ वर असताना तेवढं थांबायची कुणाचीच तयारी नव्हती.

शस्त्रक्रिया कोणती, यावर आमच्यात एकमत नव्हतं. हाडांकडे पाहणाऱ्याला स्लीव्ह बरी वाटते, कारण त्यात फक्त जठर कापून अरुंद करतात, आतडं जागच्या जागी राहतं. साखरेकडे पाहणाऱ्याला बायपास. नऊ वर्षांचा मधुमेह आणि तीन गोळ्या पाहता सर्जनांनी एका जोडाचा बायपास सुचवला, ज्याला बरेच जण मिनी बायपास म्हणतात. शेवटी मधला मार्ग निघाला: बायपासच करायचा, पण आतड्याचा बाजूला टाकायचा भाग २०० सेंटिमीटरच्या पुढे न नेता १५० वर ठेवायचा.

डी-थ्रीची ६०,००० युनिटची सॅशे दर रविवारी, जेवणानंतर, दुधातून. दिवसाला वाटली तर हे साधारण ८,५०० युनिट होतात. बारीक माणसाला जास्त, १०८ किलोला योग्य. (हे वाचून कुणी मेडिकलमध्ये जाऊ नये. हे डोस रिपोर्ट पाहून एका माणसासाठी ठरवलेले आहेत.) मऊ कॅप्सूल त्यांनी नाकारली. तिचं आवरण जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्यापासूनचं, हे त्यांना माहीत होतं. सॅशेतलं डी बहुतेक मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात, हेही मी सांगून टाकलं. ‘लोकर कातरल्याने मेंढी मरत नाही,’ म्हणाल्या आणि प्रश्न मिटला. हे आधी विचारलं नसतं, तर कॅप्सूलचं पाकीट फडताळात तसंच पडून राहिलं असतं आणि आम्ही डोस वाढवत बसलो असतो.

आठ आठवड्यांनी डी २४, पीटीएच ९१, अल्कलाइन फॉस्फटेज १३१. ३० गाठलं नव्हतं. पण वजन तेवढंच असताना पाटावरून उठणं सोपं झालं होतं, म्हणजे मांड्यांच्या दुखण्याचं खापर वजनावर फोडणं चुकीचं होतं. सगळे आकडे योग्य दिशेला सरकत होते, साखर मात्र थांबायला तयार नव्हती. मेच्या तिसऱ्या आठवड्यात शस्त्रक्रिया केली.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले महिने

औषधांचं वेळापत्रक खानावळीच्या घड्याळाला बांधलं. साडेचारला उठल्या उठल्या थायरॉइडची गोळी, नुसत्या पाण्याबरोबर. कॅल्शियम त्यानंतर किमान चार तासांनी, म्हणून अकरा, चार आणि रात्री नऊ. एका वेळी आतडं साधारण ५०० मिलिग्रॅमच उचलतं, म्हणून तीन भाग. दुपारी दीडला लोह, कारण लोह आणि कॅल्शियम एकत्र आले की एकमेकांना अडवतात. चघळायचं मल्टिव्हिटॅमिन, बी-१२ आणि दर पंधरा दिवसांनी एक सॅशे, म्हणजे रोजचे चार हजारांच्या आसपास युनिट.

कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात न देता सायट्रेटच्या रूपात दिलं. कार्बोनेट विरघळायला आम्ल लागतं. पोटाच्या उरलेल्या छोट्या पिशवीत आम्ल थोडं, आणि त्यात ते कमी करणारी गोळीही चालू.

ऑगस्टमध्ये त्या आल्या तेव्हा वजन ८९ किलो, डी ३१, पीटीएच ७८, साखरेच्या तीनपैकी दोन गोळ्या बंद. सगळे खूश. त्या भेटीत केसांविषयी कुणी काही बोललं नाही.

धागा सुटला तो काळ

नोव्हेंबरची भेट फराळाच्या ऑर्डरींमध्ये गेली, फेब्रुवारीची परीक्षांच्या मेसमध्ये. आमच्याकडून एक मेसेज गेला, त्याला अंगठा आला, आणि तेवढ्यावर विषय संपला. या काळात काय काय घडलं ते पुढे एप्रिलमध्ये तुकड्या-तुकड्याने कळलं.

सायट्रेट संपल्यावर गावच्या मेडिकलवाल्याने ‘हेही कॅल्शियमच आहे’ म्हणून कार्बोनेट दिलं. पोट जड होतं म्हणून ते सुटलं. मग सायट्रेट मिळालं, पाकिटावर १००० लिहिलेलं. ‘तुम्ही बाराशे-पंधराशे सांगितलं होतं, मी हजार घेते’, एक गोळी रोज. पण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम सायट्रेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम असतं जेमतेम २१० मिलिग्रॅम. कार्बोनेटच्या पाकिटावर १२५० लिहिलेलं असतं, तेव्हा आत ५०० असतं. पाकिटावरचा मोठा आकडा क्षाराचा की कॅल्शियमचा, हे आम्ही समजावून दिलं नव्हतं, आणि दिलं असतं तरी बारीक अक्षरात ते कुणी शोधावं! ही एक गोळीही सोयीसाठी सकाळच्या चहाबरोबर, म्हणजे थायरॉइडच्या गोळीपाठोपाठ जात होती. सॅशे दिवाळीनंतर बंदच: ‘वजन उतरलं, आता कशाला?’

आणि केस. चौथ्या महिन्यापासून फणी भरून केस यायला लागले. झपाट्याने वजन उतरतं तेव्हा हे होतंच आणि बहुतेकांत थांबतंही, पण आंबाडा बारीक होताना बघणाऱ्या बाईला ते कुणीतरी आधी सांगायला हवं. पुण्यातल्या भाचीने ऑनलाइन गोळ्या मागवून दिल्या: बायोटिन, १०,००० मायक्रोग्रॅम. दिवसाची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅमची असते.

दुसरा निर्णय: रिपोर्टवर विश्वास ठेवायचा का?

एप्रिलमध्ये रात्री पोटऱ्यांत गोळे यायला लागले, बोटांना मुंग्या, आणि पाटावरून उठणं पुन्हा अवघड. वजन ७२ किलो! गावच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. डी ९६, पीटीएच ९, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) ०.०६. त्यांनी लावलेला अर्थ चुकीचा म्हणता येत नाही. डी जास्त झालंय, तर सगळं डी बंद. टीएसएच एवढं खाली म्हणजे थायरॉइडची गोळी जास्त होतेय. ३६ किलो उतरल्यावर ती कमी लागणं साहजिक, म्हणून १०० ची ५०. सोबतच त्यांनी आम्हाला फोन केला: ‘तुमच्या पेशंटचं डी वर गेलंय, पण लक्षणं जुळत नाहीत.’ त्यांच्या या एका वाक्यामुळे पुढचं सगळं घडलं.

खरंच काही जुळत नव्हतं. डी एवढं चढलं असतं तर कॅल्शियम वर हवं होतं, ते ८.२ होतं. कॅल्शियम कमी आणि पीटीएचही कमी, म्हणजे ग्रंथी बंद पडल्या असं धरावं, तर फॉस्फरस वर हवा होता, तो २.३, म्हणजे खाली. अल्कलाइन फॉस्फटेज १९८, म्हणजे हाडांत उलथापालथ चालू. मॅग्नेशियम फार घटलं तरी पीटीएच दबतं, ते १.८ होतं, ठीक. आणि सगळ्यात साधी गोष्ट: जिने पाच महिने सॅशे फोडली नाही, तिचं डी ३१ वरून ९६ वर गेलं कसं?

नमुना बदलला असेल, ही पहिली शंका. पण तीन रिपोर्ट एकाच वेळी चुकले होते: डी जास्त, पीटीएच कमी, टीएसएच कमी. असा साचा दिसला की एक प्रश्न विचारायचा. त्यांना म्हटलं, ‘ताई, घरात जेवढ्या गोळ्या-पुड्या आहेत तेवढ्या पिशवीत घालून घेऊन या, आमच्या नसलेल्यासुद्धा.’ पिशवीत बायोटिनची अर्धी बाटली निघाली.

हार्मोन मोजणाऱ्या अनेक यंत्रांत बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन या एकमेकांना घट्ट धरणाऱ्या जोडीचा उपयोग करतात. रुग्णाच्या रक्तातच बायोटिन ओसंडत असेल, तर एसटीत कुणी आधीच रुमाल टाकून सगळ्या जागा धरून ठेवाव्यात तसं होतं. चाचणीतल्या बायोटिनला बसायला जागा उरत नाही. पीटीएच आणि टीएसएच ज्या पद्धतीने मोजतात तिच्यात आकडा खोटा कमी येतो. डी आणि फ्री टी-४ (थायरॉइडचं हार्मोन) ज्या पद्धतीने मोजतात तिच्यात खोटा जास्त. कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज वेगळ्या रसायनाने मोजले जातात, म्हणून ते खरं सांगत होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. नव्या पिढीतली काही यंत्रं बायोटिनला एवढी भुलत नाहीत, पण तालुक्याच्या लॅबमध्ये कोणतं यंत्र आहे हे आपल्याला सहसा माहीत नसतं.

पर्याय दोन. वेगळ्या पद्धतीची महागडी तपासणी मुंबईला पाठवायची, किंवा बायोटिन थांबवून तीन दिवसांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा रक्त द्यायचं. दुसरा निवडला. स्वस्त तर होताच, शिवाय यंत्र तेच आणि माणूस तोच राहून फक्त गोळी वजा झाली, तर कारणाबद्दल वाद उरत नाही. तोवर कुठलंही औषध वाढवायचं किंवा घटवायचं नाही असं ठरलं; थायरॉइडची गोळी पुन्हा १००.

| तपासणी | पहिला रिपोर्ट | बायोटिन थांबवून | उपचारानंतर ६ महिने |
|---|---|---|---|
| डी (नॅनोग्रॅम/मिली) | ९६ | १३ | ३७ |
| पीटीएच (पिकोग्रॅम/मिली) | ९ | १७४ | ७६ |
| कॅल्शियम (मिग्रॅ/डेसिली) | ८.२ | ८.३ | ९.१ |
| फॉस्फरस (मिग्रॅ/डेसिली) | २.३ | २.४ | ३.३ |
| अल्कलाइन फॉस्फटेज | १९८ | १९४ | ११८ |
| टीएसएच | ०.०६ | ६.१ | २.२ |

म्हणजे थायरॉइडची गोळी जास्त होत नव्हती, उलट पुरी पडत नव्हती. चहाबरोबरच्या कॅल्शियमने ती अडवली होती. चोवीस तासांच्या लघवीत कॅल्शियम फक्त ४० मिलिग्रॅम: शरीर मिळेल तो कण धरून बसलं होतं. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, फक्त ११. केस गळण्याचं खरं कारण बहुधा तिथेच होतं, आणि त्यावर बायोटिनचा काही उपयोग नव्हता.

तिसरा निर्णय: उपचार कोणता, आणि कोणता नाही

हाडांच्या घनतेच्या तपासणीत मणक्याचा झेड-स्कोअर उणे २.२ आला. रिपोर्टच्या खाली ‘वयाच्या मानाने घनता कमी’ असा छापील शेरा होताच, आणि ओळखीच्या एका हाडांच्या डॉक्टरांनी वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचं हाडांचं औषध सुचवलं. या प्रकरणातला सर्वांत धोकादायक पर्याय हाच होता, म्हणून त्यावर थोडं थांबतो. ते औषध हाडांतून कॅल्शियम बाहेर पडणं थांबवतं. मंगलताईंच्या रक्तातला ८.३ हा आकडा नेमका त्याच कॅल्शियमवर टिकला होता. डी १३ असताना ते बंद केलं असतं, तर रक्तातलं कॅल्शियम कोसळून झटके येण्याची किंवा हृदयाची लय बिघडण्याची भीती होती. घनता तपासणारं यंत्र हाड पोकळ आहे की मऊ, हे सांगत नाही. दोन्हीत आकडा कमीच येतो. आधी हाड भरू द्यायचं, मग उरलं तर त्या औषधाचा विचार.

कॅल्सिट्रिऑल म्हणजे डीचं तयार रूप. ते कॅल्शियम लवकर वर आणतं, पण शरीरात साठा करत नाही. कानापुढे टिचकी मारल्यावर गाल उडत नव्हता, ईसीजी ठीक होता, म्हणून ते राखून ठेवलं. इंजेक्शनचा विचार या वेळी मीही गंभीरपणे केला, कारण आता आतडं खरोखर वळवलेलं होतं. पण आतड्याने डी घेतलं नाही असं अजून सिद्धच झालं नव्हतं. त्याला ते दिलंच नव्हतं. आठ आठवडे तोंडाने देऊन आकडा हलला नाही तर इंजेक्शन, असं ठरलं.

सॅशे आठवड्यातून दोन, गुरुवारी आणि रविवारी, जेवणानंतर, आठ आठवडे. नंतर आठवड्याला एक. सायट्रेटच्या गोळ्या दिवसाला सहा: दोन-दोन तीन वेळा, म्हणजे साधारण १,२६० मिलिग्रॅम. सात-आठ सांगितल्या असत्या तर त्यांनी तीनच घेतल्या असत्या, हा आमचा अंदाज. उरलेलं दही, ताक आणि पनीरमधून. नाचणीची आंबील त्या स्वतःहून घ्यायला लागल्या. १०० ग्रॅम नाचणीत कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, पण त्यातलं सगळं अंगी लागत नाही, म्हणून हिशेबात ते धरलं नाही. लोह पुन्हा सुरू.

परिणाम

पोटऱ्यांतले गोळे दोन आठवड्यांत गेले. मांड्यांचं दुखणं जायला दोन महिने लागले. पहिल्या महिन्यात अल्कलाइन फॉस्फटेज उतरण्याऐवजी २२१ वर गेलं आणि गावच्या डॉक्टरांचा काळजीने फोन आला. मऊ हाड भरायला लागतं तेव्हा असं होतं. आठ आठवड्यांनी डी २९, पीटीएच ११८. आतडं डी घेत होतं. इंजेक्शनची गरज पडली नाही. सहा महिन्यांनंतरचे आकडे वर आहेतच. वजन ७१ आणि एचबीएवनसी ६.०. खानावळीत पोळ्या लाटायला त्या पुन्हा पाटावर बसतात.

पीटीएच अजून ७६ आहे, रेषेच्या जरा वर. वर्षानुवर्षं ओढून काम केलेल्या ग्रंथी लवकर शांत होत नाहीत. बायपासनंतर काहींत तो थोडा वरच राहतो. कॅल्शियम आणि लघवीतलं कॅल्शियम पाहत राहायचं ठरलं आहे, कारण पीटीएचच्या मागे धावून डी-कॅल्शियम वाढवत नेलं तर मुतखड्याची दुसरी डोकेदुखी.

काय वेगळं करता आलं असतं

पीटीएच सुरुवातीच्या तपासण्यांतच हवं. इथे अल्कलाइन फॉस्फटेजकडे नजर गेली म्हणून ते झालं. ते १४८ ऐवजी ११० असतं तर गेली असती का, शंका आहे.

घरी जातानाच्या कागदावर ‘कॅल्शियम १२००’ असं लिहिण्यात अर्थ नाही. किती गोळ्या, कोणत्या पाकिटातल्या, कोणत्या घासानंतर, हे लिहायला हवं आणि पाकीट हातात घेऊन दाखवायला हवं. दुकानात सायट्रेट नसेल तर काय घ्यायचं, तेही.

केसांचा विषय आम्ही आधी काढायला हवा होता. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळतील, बहुतेक परत येतील, दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं आणि लोह सांभाळा, हे ऑगस्टमध्ये सांगितलं असतं तर भाचीला विचारायची वेळ आली नसती. आता आम्ही ते पहिल्याच भेटीत सांगतो. रक्त तपासायच्या चिठ्ठीवर ‘केसांची, नखांची गोळी चालू आहे का?’ असा शिक्काही मारतो. ‘बायोटिन घेता का?’ असं विचारलं तर बहुतेक जण नाही म्हणतात, कारण बाटलीवर केसांचं चित्र असतं आणि तेच लक्षात राहतं.

गावच्या डॉक्टरांना शस्त्रक्रियेच्या दिवशीच पत्र जायला हवं होतं: काय कापलं, काय वळवलं, कोणती औषधं थांबवायची नाहीत, शंका आली तर कुणाला फोन. त्यांनी स्वतःहून फोन केला हे आमचं नशीब. सहाव्या महिन्याची भेट चुकली की मेसेज न करता फोन करायचा, आणि येणं जमत नसेल तर रक्त गावातच देऊन रिपोर्ट मागवायचा. फराळाच्या दिवसांत पुण्याला या म्हणणं खानावळवाल्या बाईला शक्य नसतं.

शस्त्रक्रियेच्या निवडीवरचा मतभेद मिटलेला नाही. सर्जन म्हणतात, साखर ६.० वर आली यातच सगळं आलं. माझं म्हणणं, जिचं पीटीएच आधीच १३८ होतं आणि जी दर तीन महिन्यांनी पुण्याला येऊ शकणार नाही हे मार्चमध्येच दिसत होतं, तिच्यासाठी स्लीव्हवर आणखी एकदा बसून बोलायला हवं होतं. पुढची घनता-तपासणी मेमध्ये, मेस बंद असताना.